एका वेळी एकच फरक : आयरिश आणि स्कॉच चाखायची, ताडून बघायची आणि सॅम्पलं अदलाबदल करायची पद्धत

‘आयरिश म्हणजे मऊ, स्कॉच म्हणजे धुरकट’ हे वाक्य व्हिस्कीच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. बोलणाऱ्याने बहुधा एकदा आयरिश जेमिसन आणि एकदा स्कॉच लफ्रॉइग घेतलेली असते, आणि तेवढ्यावर दोन अख्ख्या देशांचा निकाल लावलेला असतो. या दोन ग्लासांत काय काय वेगळं आहे ते बघा. एक ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्यांचं मिश्रण आहे, दुसरी सिंगल माल्ट. एक तीनदा डिस्टिल केलेली, दुसरी दोनदा. एकीत ग्रेन व्हिस्की (मका, गहू अशा धान्यांची) आहे, दुसरीत नाही. लफ्रॉइगमध्ये पीटचा, म्हणजे बार्ली वाळवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातकट जळणाचा, धूर ठासून भरलाय, जेमिसनमध्ये तो नाही. इतकं सगळं एकदम बदललं तर जीभ नेमकी कशाबद्दल तक्रार करतेय किंवा कशावर खूश झालीय, हे ठरवणार कसं?

म्हणून मी एकच नियम पाळते : समोरासमोर ठेवायच्या दोन ग्लासांत शक्यतो एकच गोष्ट वेगळी हवी. अशा जोड्या जमवायच्या तर बाटल्या खूप लागतात, आणि त्या सगळ्या एकट्याने विकत घेणं शहाणपणाचं नाही. इथे सॅम्पलं, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून भरलेल्या छोट्या बाटल्या, कामाला येतात. 700 मिलीच्या एका बाटलीतून 30 मिलीची 23 सॅम्पलं निघतात. दहा-बारा जणांचा प्रामाणिक गट असेल तर प्रत्येकाने एकच बाटली फोडून सगळ्यांच्या टेबलावर दहा-बारा व्हिस्क्या येतात.

आधी नियम समजून घ्या, कारण फरक तिथूनच सुरू होतात

स्कॉचचे सध्याचे नियम 2009 सालचे. व्हिस्की स्कॉटलंडमध्येच, 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान 3 वर्षं मुरली पाहिजे आणि बाटलीत किमान 40 टक्के अल्कोहोल हवं. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या (भिजवून मोड आणून वाळवलेल्या) बार्लीपासून, पॉट स्टिलमध्ये, म्हणजे एका वेळी एकच घाणा काढणाऱ्या तांब्याच्या भांड्यात केलेली. आयर्लंडमध्येही 3 वर्षं आणि 40 टक्के हेच आकडे, पण तिथे पिंप लाकडाचं असलं की पुरे, ओकचंच हवं असं नाही. म्हणून आयर्लंडमधल्या मिडलटन डिस्टिलरीला चेस्टनटच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की ‘आयरिश’ म्हणून विकता येते. स्कॉटलंडमध्ये तिला ते नाव मिळालं नसतं.

आयर्लंडची खरी स्वतःची चीज म्हणजे पॉट स्टिल व्हिस्की. हिच्यात माल्ट केलेली बार्ली किमान 30 टक्के आणि माल्ट न केलेली, कच्ची बार्लीही किमान 30 टक्के लागते. ओट किंवा राय यांसारखं इतर धान्य सगळं मिळून 5 टक्क्यांपर्यंत चालतं. हा प्रकार मुळात करातून वाढला. अठराव्या शतकात सरकारने माल्टवर कर बसवला, तेव्हा आयरिश डिस्टिलरांनी कर लागू नसलेली कच्ची बार्ली मिसळायला घेतली. कर केव्हाच गेला, पण कच्च्या बार्लीने आणलेला तो जाड, तेलकट, मसालेदार पोत लोकांच्या जिभेवर बसला होता. माझ्या मते जगातल्या कुठल्याही व्हिस्कीत तोंडात एवढी भरीव वाटणारी दुसरी जात नाही, आणि तिला अजून हवं तेवढं कौतुक मिळालेलं नाही.

रंगाकडे बघून काही ठरवू नका. दोन्ही देशांत रंगासाठी साधं कॅरमल घालायला परवानगी आहे. लेबलवरचं वय म्हणजे बाटलीतल्या सगळ्यांत कोवळ्या व्हिस्कीचं वय, हेही दोन्हीकडे सारखंच.

जोड्या

सुरुवात या जोडीने करा : बुशमिल्स 10 आणि ऑखेनटॉशन 12. पहिली उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यातली, दुसरी ग्लासगोच्या हद्दीला लागून असलेल्या डिस्टिलरीतली. दोन्ही सिंगल माल्ट, दोन्ही तीनदा डिस्टिल केलेल्या, दोन्ही 40 टक्के, दोघींसाठी आधी बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि शेरी (स्पेनची वाइन) ठेवलेली, अशी दोन्ही पिंपं वापरलेली. उरतो फरक तो दोन वर्षांचा आणि मधल्या समुद्राचा. तो समुद्र अरुंद जागी जेमतेम वीस किलोमीटरचा आहे. हवा स्वच्छ असली तर अँट्रिमच्या किनाऱ्यावरून स्कॉटलंडचं किंटायर द्वीपकल्प दिसतं. या दोन ग्लासांतून ‘आयरिश कुठली?’ हे झाकून ओळखायला सांगा. मी ज्यांच्यापुढे ही जोडी ठेवली आहे, त्यांतले बरेच जण बुचकळ्यात पडतात. त्यानंतर ‘आयरिश मऊ’ हे वाक्य बंद होतं आणि ‘तीनदा डिस्टिल केलेली हलकी’ असं नेमकं बोलणं सुरू होतं.

मग बुशमिल्स तशीच ठेवा आणि ऑखेनटॉशनच्या जागी ग्रीन स्पॉट घ्या. ही मिडलटनची पॉट स्टिल, तीही तीनदा डिस्टिल केलेली आणि 40 टक्केच. आता मुख्य फरक कच्च्या बार्लीचा. बुशमिल्समध्ये मध, सफरचंद, हलकं माल्ट. ग्रीन स्पॉटमध्ये हिरवं सफरचंद आहेच, पण घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना लवंगेसारखी चुरचुर राहते आणि टाळूवर तेलाचा थर बसल्यासारखं वाटतं. ही चुरचुर आणि हा थर एकदा नीट लक्षात राहिला की रेडब्रेस्ट 12 किंवा पॉवर्सच्या जॉन्स लेन या दुसऱ्या पॉट स्टिल व्हिस्क्यांमध्ये तो शेरीच्या आणि ओकच्या आडूनही ओळखू येतो. ‘स्पॉट’ हे नाव डब्लिनच्या मिचेल अँड सन या व्यापाऱ्यांच्या पिंपांवरच्या रंगाच्या ठिपक्यांवरून आलं : निळा 7 वर्षांचा, हिरवा 10, पिवळा 12, तांबडा 15.

पीटसाठी सर्वांत चांगली जोडी एकाच छपराखालची आहे. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची ब्रुकलॅडी डिस्टिलरी ‘क्लासिक लॅडी’ पीटशिवाय करते आणि ‘पोर्ट शार्लट 10’ भरपूर पीट घालून. दोन्ही स्कॉटिश बार्लीच्या, दोन्ही 50 टक्के, दोन्हींत चिल फिल्टरिंग (थंड करून गाळणं) नाही. पिंपं थोडी वेगळी आहेत आणि क्लासिक लॅडीवर वय लिहिलेलं नसतं, तेव्हा फरक अगदी एकच आहे असं म्हणता येणार नाही. पण बाजारात सहज मिळणाऱ्या बाटल्यांमध्ये याहून जवळची जोडी मला सापडलेली नाही. धुराचा वास बाजूला सारून त्याखालची बार्ली दोन्हींत सारखी लागते का, हे शोधायचा प्रयत्न करा. पोर्ट शार्लटचा 40 पीपीएम (दहा लाखांत 40 भाग) हा फिनॉलचा, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या रसायनांचा आकडा माल्टमधला आहे, बाटलीतल्या व्हिस्कीतला नाही. डिस्टिल होताना आणि मुरताना त्यातला बराच भाग मागे राहतो. म्हणून दोन डिस्टिलऱ्यांचे पीपीएम शेजारी ठेवून ‘ही जास्त धुरकट’ असं कागदावर ठरवू नये.

आयर्लंडमध्ये धूर नाहीच असं समजणाऱ्यांसाठी कॉनेमारा आहे : लाउथ परगण्यातल्या कूली डिस्टिलरीची, पीटची आणि दोनदाच डिस्टिल केलेली सिंगल माल्ट. कूली जॉन टीलिंग यांनी 1987 साली उभी केली. ही 40 टक्क्यांची कॉनेमारा 40 टक्क्यांच्या लफ्रॉइग 10 शेजारी ठेवा. कॉनेमाराचा धूर गोडसर आणि कोरडा, शेकोटी विझत आल्यावरचा. लफ्रॉइगमध्ये आयोडीन, बँडेज, खारा वारा.

डिस्टिलेशनच्या फेऱ्यांचा फरक बघायचा असेल तर स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीला जोड नाही. तिथे हेझलबर्न तीनदा, स्प्रिंगबँक अडीच वेळा (म्हणजे काही भाग दोनदा, काही तीनदा) आणि लाँगरो दोनदा डिस्टिल होते. हेझलबर्न 10 आणि स्प्रिंगबँक 10 दोन्ही 46 टक्के. फक्त स्प्रिंगबँकमध्ये थोडं पीट असतं आणि हेझलबर्नमध्ये अजिबात नाही, हे डोक्यात ठेवून चाखा. या बाटल्या मिळायला अवघड, त्यामुळे अदलाबदलीत कुणी देत असेल तर बदल्यात तितकंच दुर्मीळ काहीतरी द्यायची तयारी ठेवा.

टक्के सारखे करा

बहुतेक लोक हेच विसरतात. 60 टक्क्यांची ग्लेनफार्क्लस 105 आणि 40 टक्क्यांची दुसरी कुठली व्हिस्की शेजारी ठेवली की जास्त अल्कोहोलवालीच ‘जास्त चवदार’ वाटते. आपण तेव्हा अल्कोहोलची तुलना करत असतो.

हिशेब सोपा आहे. मिलीला मूळ टक्क्यांनी गुणा, हव्या असलेल्या टक्क्यांनी भागा, आणि आलेल्या आकड्यातून मूळ मिली वजा करा. तेवढं पाणी घाला. 60 टक्क्यांची 10 मिली व्हिस्की 46 वर आणायची तर 10 गुणिले 60 भागिले 46, म्हणजे 13 मिली. पाणी 3 मिली. ग्रीन स्पॉट आणि तिचीच बोर्दोच्या वाइनच्या पिंपात शेवटची मुरवणी केलेली शातो लेओव्हिल बार्टन ही आवृत्ती, ही पिंपाचा परिणाम दाखवणारी सुरेख जोडी आहे. पण दुसरी 46 टक्के असते, म्हणून तिच्या 10 मिलीत दीड मिली पाणी घालून तिला 40 वर आणायचं. सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज यासाठी पुरते. पाणी साधं, कमी क्षारांचं आणि खोलीच्या तापमानाचं हवं. बर्फ नको, कारण गारव्यात वास दबतो.

आधी मूळ टक्क्यांवर एक घोट घ्या, नोंद करा, मगच पाणी. पाण्याने खरंच काहीतरी घडतं. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी 2017 साली संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायकॉल यांचं मिश्रण तपासलं. ग्वायकॉल म्हणजे धुरकट वासाशी जोडलेला रेणू. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असताना तो द्रवाच्या पृष्ठभागाशी सापडला आणि 59 टक्क्यांच्या वर गेल्यावर आत बुडाला. म्हणजे कास्क स्ट्रेंग्थच्या (पिंपातून आली तशी, पाणी न घालता बाटलीत भरलेल्या) पीटवाल्या व्हिस्कीत पाणी घातल्यावर धूर ‘वर येतो’ असं वाटतं, त्यामागे कारण आहे. चिल फिल्टर न केलेली व्हिस्की 46 टक्क्यांच्या खाली आणली की कधी कधी गढूळ होते. ते बिघडल्याचं लक्षण नाही. थंड करून गाळताना जे तेलकट घटक निघून गेले असते, तेच पाण्यात विरघळेनासे होतात.

ग्लास, क्रम आणि नाक

तोंड अरुंद आणि पोट गोल असलेला ग्लास घ्या. ग्लेनकेर्न 2001 पासून मिळतो आणि उत्तम आहे. व्हिस्क्यांचं मिश्रण जमवणारे ब्लेंडर लोक वापरतात तो देठाचा कोपिटाही तितकाच चांगला. जोडीतले दोन्ही ग्लास मात्र अगदी सारखे हवेत. प्रत्येकात 10 मिली पुरे. एका बसण्यात चारपेक्षा जास्त नको : 46 टक्क्यांच्या अशा चार ग्लासांत 18 मिलीहून जास्त शुद्ध अल्कोहोल असतं, ब्रिटनच्या मोजणीने जवळजवळ दोन युनिट. जास्त चाखायच्या असतील तर थुंकायला भांडं ठेवा. परीक्षक हेच करतात आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

क्रम कमी टक्क्यांकडून जास्तीकडे, आणि पीटवाली कायम शेवटी. धुरकट अर्डबेग घेतल्यावर बुशमिल्सला न्याय मिळत नाही.

ग्लास भरल्यावर दहा मिनिटं थांबा. वास घेताना नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. अ चा वास, ब चा वास, परत अ. पहिला छोटा घोट फक्त तोंडाला सवय लागावी म्हणून, त्यावरून मत बनवायचं नाही. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवा. मी तीन गोष्टी वेगळ्या लिहिते : वासात काय, तोंडात पोत कसा, आणि गिळल्यावर काय व किती वेळ राहतं. पोताचा रकाना लोक सोडून देतात, पण आयरिश पॉट स्टिल ओळखायची खरी खूण तिथेच असते. बोलण्याआधी लिहा. कुणी मोठ्याने ‘व्हॅनिला’ म्हटलं की सगळ्यांना व्हॅनिला लागायला लागतं.

रिकामे ग्लास लगेच धुऊ नका. झाकून ठेवा आणि सकाळी वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि पिंपाचा किंवा धुराचा वास तेवढा स्पष्ट उरलेला असतो.

झाकून चाखा

दोन व्हिस्क्या तुम्हाला खरंच वेगळ्या कळतात का, हे बघायला तीन ग्लासांची चाचणी करा. दुसऱ्या कुणाला तीन ग्लास भरायला सांगा, दोनांत एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी. ग्लासांच्या तळाला चिठ्ठी, आणि रंग वेगळा असेल तर निळ्या काचेचे ग्लास किंवा मंद उजेड. वेगळा ग्लास कुठला ते ओळखायचं. नुसत्या नशिबावर उत्तर बरोबर यायची शक्यता 3 त 1. लागोपाठ तीनदा बरोबर आलं तर ती 27 त 1 होते, आणि मग तुमच्या जिभेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. बॅचबॅचमधला फरक सांगणाऱ्या प्रत्येकाने आधी ही चाचणी द्यावी असं मला मनापासून वाटतं.

सॅम्पल भरणं

बाटली काचेची, 30 किंवा 50 मिलीची. प्लॅस्टिकची नको, विशेषतः काही महिने ठेवायची असेल तर. झाकणाच्या आत शंकूच्या आकाराचं लायनर असलेलं बघून घ्या, ते मानेत घट्ट बसतं. बाटल्या धुऊन परत वापरता येतात, पण झाकणं नाही. पीटचा वास लायनरमध्ये बसतो आणि पुढच्या नाजूक सॅम्पलमध्ये उतरतो. बाटली पूर्ण वाळलेली हवी, आत उरलेलं पाणी टक्के खाली आणतं.

भरताना मानेपर्यंत भरा. आत हवा जितकी कमी तितकी व्हिस्की जास्त टिकते. 50 च्या बाटलीत 30 मिली भरून पाठवणं म्हणजे समोरच्याला अर्धी बिघडलेली वस्तू देणं. झाकण लावून वर पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणासारखी पट्टी) ओढून गुंडाळा, रात्रभर टिशूवर उलटी ठेवा. सकाळी टिशूवर डाग नसेल तरच ती पाठवण्यालायक.

लेबलवर डिस्टिलरी, नाव, वय आणि टक्के तर लिहाच, शिवाय बॅच किंवा पिंपाचा क्रमांक लिहा. ॲबरलॉरच्या अबूनाचे किंवा रेडब्रेस्ट 12 कास्क स्ट्रेंग्थचे टक्के बॅचगणिक बदलतात, तेव्हा नुसतं नाव पुरत नाही. आणखी दोन गोष्टी मी आग्रहाने मागते : मूळ बाटली केव्हा उघडली, आणि सॅम्पल काढताना ती किती भरलेली होती. वर्षभर उघडी, तळाशी आलेली बाटली आणि काल फोडलेली बाटली यांची चव एकसारखी नसते. वाईटच असते असं नाही, पण घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. शाई अल्कोहोलने फिसकटते, म्हणून लेबलवर पारदर्शक टेप लावा.

पाठवणं आणि देणं-घेणं

हातोहात देणं सगळ्यांत उत्तम. टपालाने पाठवायचं असेल तर त्या त्या देशाच्या टपालखात्याचे दारूविषयीचे नियम आधी वाचा. काही ठिकाणी बंदी आहे, काही ठिकाणी मर्यादा. सीमेपलीकडे पाठवताना शुल्क लागू शकतं. पार्सलवर ‘ऑलिव्ह ऑइल’ असं खोटं लिहिण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. विमानात 70 टक्क्यांच्या वरची दारू कुठल्याच सामानात चालत नाही. 24 ते 70 टक्क्यांची माणशी 5 लिटर नेता येते, पण दुकानातल्या मूळ बांधणीत. घरी भरलेल्या छोट्या बाटल्या त्यात बसत नाहीत, तेव्हा विमान कंपनीला विचारल्याशिवाय त्या बॅगेत टाकू नका.

सॅम्पल विकू नका. परवान्याशिवाय दारू विकणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि अदलाबदलीतला विश्वासही पैसे आले की संपतो. समोरची व्यक्ती त्या देशातल्या कायद्याने पिण्याच्या वयाची आहे याची खात्री तुम्हीच करायची.

देवघेव किमतीवर मोजायची नाही असं मी ठरवलंय. मोजायचं ते हे, की समोरच्याच्या जोडीत कुठली व्हिस्की कमी आहे. त्याच्याकडे क्लासिक लॅडी असेल तर त्याला पोर्ट शार्लट पाठवा, मग ती तुमच्याकडची सगळ्यांत स्वस्त बाटली का असेना. शेवटी, तुमच्या नोंदी सॅम्पलसोबत पाठवू नका. त्याने चाखून स्वतःच्या पाठवल्या की मग तुमच्या पाठवा, आणि दोन्ही शेजारी ठेवून जिथे मतं जुळत नाहीत ती व्हिस्की पुढच्या वेळी दोघांनीही झाकून घ्या.